चैतन्य रथ: हैदराबादची एक घरगाडी

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, हणजूण-वागातोरच्या माडांखाली हिप्पींच्या गाड्या उभ्या असायच्या. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ही मंडळी जुन्या व्हॅनमधून थेट गोव्यात उतरायची. गाडीच्या आत पलंग, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे आणि टपावर सामानाचा ढीग. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. पण तोवर आम्ही पोरांनी त्या गाड्यांत डोकावून डोळे भरून पाहून घेतलं होतं.

त्या गाड्या बिघडल्या की म्हापशाच्या गॅरेजात यायच्या. तिथला एक म्हातारा मेस्त पत्रा ठोकता ठोकता एकदा म्हणाला होता, "ह्यांना घर नाही काय रे?" त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, दयाच होती. आपल्याकडे गाडीत राहणारा माणूस म्हणजे बेघर. फार तर जत्रेत फिरणारा किंवा नाटकवाला. हौस म्हणून कोणी चाकांवरच्या घरात राहील ही कल्पनाच आपली नव्हे.

मेस्ताचा तो प्रश्न मला पुढे बऱ्याच वर्षांनी हैदराबादला आठवला. निमित्त अर्थातच गाड्यांचं होतं.

हैदराबादला गेलेला गोंयकार चारमिनार, सालारजंग, बिर्याणी आणि मोती एवढं उरकून परत येतो. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. दुसऱ्या खेपेला चौमहल्ला राजवाड्यात गेलो आणि तिथल्या एका पिवळ्या गाडीपाशी बराच वेळ रेंगाळलो. ती रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, १९१२ सालची. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण ती येण्याआधीच, १९११ मध्ये ते वारले. गाडी मिळाली ती त्यांच्या मुलाला, सातव्या आणि शेवटच्या निजामाला, मीर उस्मान अली खान यांना. गाडीत मागची बैठक इतरांपेक्षा उंच केलेली आहे. नावच तिचं 'थ्रोन कार', म्हणजे सिंहासन-गाडी. लोकांनी निजामाला पाहावं आणि निजामाने लोकांच्या डोक्यावरून पाहावं, हा त्या उंचीचा हेतू.

ह्या गाडीची सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे तिचं धावणं. संस्थान संपेपर्यंतच्या पस्तीसएक वर्षांत ती जेमतेम ३५६ मैल चालली असं सांगतात. म्हणजे सुमारे ५७३ किलोमीटर. एवढ्या मजलेत ती पणजीहून हैदराबादलाही पोहोचली नसती! पण सिंहासनाला कुठे पोहोचायचं नसतंच. ते दिसलं की काम झालं.

दुसरी गाडी अगदी साधी. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये रस्ता वाहतूक सुरू केली, २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन. त्या ताफ्यातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. 'डेक्कन क्वीन' हे तिचं नाव. आपल्याला हे नाव आठवतं ते पुण्याच्या आगगाडीमुळे, पण हैदराबादकरांची डेक्कन क्वीन ही रस्त्यावरची. हीच सेवा मराठवाड्यातही चालायची. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तिकडचा भाग मुंबईच्या एस. टी.कडे गेला. उरलेल्यातून आंध्रची आर. टी. सी. उभी राहिली. तिथल्या बसगाड्यांच्या नंबरात झेड हे अक्षर असायचं. ते निजामाच्या आईच्या, जेहरा बेगमच्या नावाचं, असं हैदराबादी माणूस अभिमानाने सांगतो.

तर एक गाडी राजाची आणि एक रयतेची. पहिलीत एक माणूस उंच बसतो आणि गाडी जागची हलत नाही. दुसरीत पंधरा-वीस माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसतात आणि गाडी दिवसभर धावते. ह्या दोन्ही गाड्या एकाच गाडीत बसवायचं काम हैदराबादेत पन्नास वर्षांनी एका नटाने केलं. माझ्या मते आपल्या देशातल्या घरगाड्यांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं प्रकरण ते हेच.

नट म्हणजे नंदमूरी तारक रामाराव, एन. टी. आर. जन्म २८ मे १९२३, कृष्णा जिल्ह्यातलं निम्मकुरू हे गाव. तेलुगू पडद्यावरचा कृष्ण म्हणजे हेच. १९५७ च्या 'मायाबझार'पासून आंध्रच्या घराघरांत कृष्णाचा चेहरा म्हणजे रामारावांचा चेहरा असं समीकरण झालं होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेगमपेट विमानतळावर राजीव गांधींनी मुख्यमंत्री टी. अंजय्यांना चारचौघांत झापलं. काँग्रेसचे मुख्यमंत्री दिल्लीहून नेमले आणि काढले जायचे. १९७८ ते १९८२ ह्या काळात राज्याने चार मुख्यमंत्री पाहिले. ती चीड हवेत होतीच. २९ मार्च १९८२ ला रामारावांनी तेलुगू देसम पक्षाची घोषणा केली आणि विषय एकच धरला, तेलुगू माणसाचा स्वाभिमान.

गोव्याच्या वाचकाला ह्यात ओळखीचं काही दिसेल. भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो पक्षही १९६३ मध्ये निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवडून आला. पण गोवा केवढासा! सकाळी पेडण्याहून निघालेला माणूस दुपारी काणकोणला जेवू शकतो. १९८२ च्या आंध्रात २३ जिल्हे होते आणि विधानसभेच्या २९४ जागा. आदिलाबादच्या मराठी बोलणाऱ्या गावांपासून खाली तमिळनाडूच्या हद्दीपर्यंत पसरलेला प्रदेश. रेडिओ आणि टीव्ही सरकारच्या ताब्यात. 'ईनाडू' ह्या दैनिकाचा पाठिंबा होता, पण वर्तमानपत्र वाचता येणाऱ्यांपुरतं. पक्षाला गावोगावी कचेऱ्या नाहीत, कार्यकर्त्यांना अनुभव नाही. होतं ते एकच भांडवल, तो चेहरा. तो गावोगावी न्यायचा कसा? मोटारीने जाऊन डाकबंगल्यात उतरायचं म्हटलं तर निम्मा दिवस मुक्कामात जातो. शिवाय डाकबंगला सरकारचा.

त्यावर तोडगा निघाला तो जुन्या गाडीचा. एक जुनी शेवरले व्हॅन घेतली आणि तिचं रूप पालटलं. नंबर एबीआर ७७७६. नाव ठेवलं 'चैतन्य रथम'.

जुन्या व्हॅनची घरगाडी करायची म्हणजे काय करावं लागतं ते म्हापशाच्या गॅरेजात मी लांबून पाहिलं होतं. चाकं, चासी, इंजीन हे खालचं अंग धड असलं तर वरचं अंग हवं तसं बदलता येतं. आतल्या बैठका काढून झोपायची जागा करायची. सामान पलंगाखाली, पाणी हाताशी. वजन वाढलं की स्प्रिंगांची पानं वाढवायची. हे झालं कुठल्याही घरगाडीचं. पण ह्या गाडीत आणखी एक मागणी होती, जी हणजूणच्या कुठल्याच हिप्पीला नव्हती. हिच्या टपावर एक उंचापुरा, भारदस्त माणूस उभा राहून भाषण करणार होता. गाडीचा टप पावसापासून वाचवायला असतो, माणूस उभा करायला नसतो. तो आतून पेलून धरावा लागतो. माणूस वर चढला की गाडीचा तोलही वर चढतो. त्यामुळे वळणावर आणि खड्ड्यात चालवणाऱ्याची खरी परीक्षा. मग ध्वनिक्षेपक आले, दिवे आले, त्यांना पुरेल एवढी वीज आली. आत घर आणि वर व्यासपीठ. निजामाच्या गाडीतली उंच बैठक इथे टपावर गेली आणि खाली आली ती बसगाडीची धाव.

ही गाडी चालवायला बसला त्यांचा मुलगा, पंचविशीतला हरिकृष्ण. पाच वर्षांपूर्वी, जानेवारी १९७७ मध्ये, रामारावांचा 'दानवीर शूर कर्ण' हा चित्रपट आला होता. त्यात त्यांनी स्वतः कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तीन भूमिका केल्या आणि दिग्दर्शनही केलं. त्यात अर्जुन झाला होता तो हा हरिकृष्णच. पडद्यावर बाप सारथी आणि मुलगा रथी. रस्त्यावर आल्यावर मुलगा सारथी झाला आणि बाप रथी. लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसेल.

रामारावांनी अंगावर खाकी कपडे चढवले. झोप गाडीत, आंघोळ रस्त्याकडेला, जेवणही रस्त्याकडेला. मला ह्या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हापशाच्या मेस्ताला गाडीत राहणारा माणूस बेघर वाटला होता. आंध्रातल्या शेतकऱ्यालाही तसंच वाटलं असणार. आणि हा बेघर कोण, तर ज्याचे फोटो लोकांनी देवघरात लावले होते तो! साठीला आलेला, पैशाने तुडुंब असलेला माणूस आपल्या गावाच्या वेशीवर बादलीभर पाण्याने आंघोळ करतो आहे, हे दृश्य भाषणापेक्षा जास्त बोललं असेल.

आपल्याकडच्या दशावतारी नटाबद्दल म्हणतात ना, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. पहाटे मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवायचा आणि तोच पेटारा उचलून पुढच्या गावच्या वाटेला लागायचं. पेडणे-सत्तरीतल्या माणसाला ह्या नटाबद्दल जी माया असते ती राजाबद्दलही असते आणि बोज्याबद्दलही. दोन्ही एकाच माणसात दिसतात म्हणून असते. पडद्यावरच्या नटाचा बोजा मात्र लोकांना कधी दिसत नाही. चैतन्य रथाने तो दाखवला. ह्यात अभिनय किती आणि खरेपणा किती, हा प्रश्न विरोधकांनी तेव्हाही केला. मला तो फारसा कामाचा वाटत नाही. अभिनय असला तरी उन्हातान्हातले महिने खरेच होते. आणि ते पहिल्यांदाच रस्त्यावर उतरले होते असंही नाही. १९५२ मध्ये रायलसीमेतल्या दुष्काळासाठी आणि १९७७ च्या दिवीसीमेच्या चक्रीवादळानंतर त्यांनी गावोगाव फिरून मदत गोळा केली होती. झोळी घेऊन फिरण्याची तालीम झालेली होती.

ह्या दौऱ्याचं अंतर ७५ हजार किलोमीटर असं सांगतात. मी भागाकार करून पाहिला. पक्षाच्या घोषणेपासून ५ जानेवारी १९८३ च्या मतदानापर्यंत २८२ दिवस होतात. म्हणजे रोज २६५ किलोमीटर, पणजीहून कोल्हापूर गाठून आणखी थोडं पुढे. तेही जागोजागी थांबून, टपावर चढून, बोलून. मला हा आकडा जरा फुगलेला वाटतो. निम्मा धरला तरी रोजचे १३० किलोमीटर होतात, आणि त्या काळच्या रस्त्यांवर, त्या वयाच्या गाडीत, ते काही थोडं नाही. निजामाच्या गाडीची पस्तीस वर्षांची मजल ही गाडी चार-पाच दिवसांत संपवत होती.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. २९४ पैकी दोनशेच्या वर जागा. १९५६ पासून राज्यावर असलेली काँग्रेस साठावर आली. ९ जानेवारी १९८३ ला रामारावांचा शपथविधी राजभवनाच्या दिवाणखान्यात न होता लालबहादूर स्टेडियमवर, लोकांसमोर झाला.

रथ मग उभा राहिला. घर मिळालेल्या माणसाला घरगाडी लागत नाही.

पण दीड वर्षात ती पुन्हा लागली. रामाराव हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले होते. १४ ऑगस्ट १९८४ ला परतले आणि १६ ऑगस्टला राज्यपाल रामलाल यांनी त्यांचं सरकार बरखास्त करून नादेंडला भास्करराव यांना मुख्यमंत्री केलं. बहुमत आपल्याकडे आहे हे दाखवायला रामारावांनी आमदारांना राजभवनावर नेलं, दिल्लीला राष्ट्रपतींसमोर नेलं. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना आधी नाचारमच्या आपल्या रामकृष्ण स्टुडिओत आणि मग कर्नाटकात ठेवलं. आणि नुकती छाती उघडून शिवलेला तो माणूस पुन्हा चैतन्य रथावर चढला. महिन्याभरात देशभरचा विरोधी पक्ष त्यांच्यामागे उभा राहिला. राज्यपाल बदलले, शंकर दयाळ शर्मा आले. १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. निवडून दिलेलं सरकार एका सहीने घालवलं तर लोक ते परत आणू शकतात, हे तेव्हा दिसलं. आमदारांना दुसऱ्या राज्यात कोंडून ठेवण्याची युक्तीही तेव्हाच दिसली. पुढे देशाने ह्यातलं काय उचललं ते आपण गोव्यातल्या लोकांनी वेगळं सांगायला नको.

रथाची युक्ती मात्र सगळ्यांनी उचलली. सप्टेंबर १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणी सोमनाथहून निघाले ते टोयोटा गाडीला रथाचा साज चढवून. आज तर प्रत्येक नेत्याची यात्रा असते आणि यात्रेला वातानुकूलित बस. तिच्यात न्हाणीघर असतं, टपावर जायला लिफ्ट असते. हे रथ जास्त सोयीचे आहेत यात शंका नाही. पण त्यात राहणाऱ्याला आंघोळीसाठी कोणाच्या विहिरीवर जावं लागत नाही. म्हणजे ती पुन्हा सिंहासन-गाडीच झाली, फक्त धावणारी.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तिला आणखी एक प्रवेश आहे.

१९९४ च्या शेवटी रामाराव पुन्हा मोठ्या बहुमताने आले. वर्षाच्या आत घरातच फूट पडली. दुसरी पत्नी लक्ष्मी पार्वती यांचा कारभारातला हात हे कारण सांगितलं गेलं. जावई चंद्राबाबू नायडू यांच्यामागे बहुतेक आमदार गेले आणि हुसेनसागरजवळच्या व्हॉइसरॉय हॉटेलात जाऊन राहिले. १९८४ चाच डाव, पण आता पट उलटा. ऑगस्ट १९९५ च्या अखेरीस रामाराव त्या हॉटेलपाशी गेले ते चैतन्य रथावर चढूनच. आपण टपावर उभं राहिलो की लोक ऐकतात, हा तेरा वर्षांचा अनुभव होता. त्या दिवशी आतून त्यांच्यावर चपला आल्या.

आणि सारथी? हरिकृष्ण त्या दिवसांत दुसऱ्या बाजूला, चंद्राबाबूंकडे होते. १ सप्टेंबरला चंद्राबाबूंनी शपथ घेतली. हरिकृष्ण पुढे त्यांच्या सरकारात परिवहन मंत्री झाले. म्हणजे निजामाच्या अल्बियन बसचं खातंच त्यांच्याकडे आलं. १८ जानेवारी १९९६ ला रामाराव गेले.

कर्णाच्या रथाचं चाक शेवटी जमिनीत रुतलं, हे आपल्याकडे दशावतार पाहणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. रामारावांनी तो कर्ण स्वतः रंगवला होता. मी ह्यात दैवाचा हात शोधत नाही. मला दिसतं ते एवढंच, की गाडी तीच होती, टप तोच, माणूसही तोच. मात्र १९८२ मध्ये तो गाडीत राहत होता आणि १९९५ मध्ये फक्त तिच्यावर चढला होता. आत कोणी राहत नसेल तर घरगाडीचा उरतो तो नुसता टप. लोकांना हा फरक कळतो, आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतो.

नंतरच्या काळात हा रथ नाचारमच्या त्याच स्टुडिओत उभा राहिला. २९ ऑगस्ट २०१८ ला पहाटे नलगोंडा जिल्ह्यात हरिकृष्णांच्या मोटारीला अपघात झाला आणि ते गेले. गाडी ते स्वतःच चालवत होते. टपावर बापाला उभं करून हजारो किलोमीटर सुखरूप नेणारा माणूस असा रस्त्यावरच संपला. बातमी वाचली त्या दिवशी मला त्यांच्या राजकारणातलं काही आठवलं नाही. आठवला तो जुन्या शेवरलेच्या सुकाणूवर बसलेला पंचविशीतला पोरगा, ज्याला वळणावर वेग कमी करताना दर वेळी वर उभ्या असलेल्या बापाचा विचार करावा लागत असेल.

म्हापशाच्या मेस्ताला मी हे कधी सांगू शकलो नाही. तो केव्हाच गेला. असता तर त्याला सांगितलं असतं, की मेस्ता, एक माणूस होता, त्याला घरं पुष्कळ होती. तो गाडीत राहायला गेला तेव्हा लोकांनी त्याला राज्य दिलं.